घोंगडीखालचे दोघे

माझा भाचा आणि त्याचा जोडीदार म्हशातल्या घराच्या माळ्यावर डोक्यावरून घोंगडी घेऊन बसतात आणि मोबाइलवरच्या खेळांवर तास तास बोलतात. घोंगडी थंडीसाठी नाही. पत्र्याच्या घरात आवाज रांजणात तोंड घालून बोलल्यासारखा घुमतो, आणि स्टुडिओच्या भिंतींना लावतात तो महागडा स्पंज आणायला दोघांकडे पैसे नाहीत. भाच्याने कुठेतरी ऐकलं की जाड लोकर आवाज शोषून घेते. घरात जाड लोकर एकच होती, दाजींनी पौष पौर्णिमेच्या जत्रेत घासाघीस करून घेतलेली. आता दाजी थंडीत चादरीवर भागवतात आणि त्यांची घोंगडी पॉडकास्ट करते.

एप्रिल-मेमध्ये भाग आखूड होतात. श्रोत्यांना वाटतं पोरं आळसावली. मुरबाड तालुक्यातल्या उन्हाळ्यात, पत्र्याखाली, घोंगडीच्या आत माणूस किती वेळ विचारमंथन करू शकतो, याचा अनुभव श्रोत्यांनी घेतलेला नाही.

पॉडकास्ट हा शब्द २००४ साली 'गार्डियन'मध्ये बेन हॅमर्सली या पत्रकाराने लिहिलेल्या लेखात पहिल्यांदा आला. या नव्या प्रकाराला म्हणायचं काय, असं विचारून त्याने तीन नावं पुढे केली होती. त्यातलं एक 'गनिमी माध्यम' अशा अर्थाचं होतं. जगाने पॉडकास्ट उचललं, पण सिद्धगडाच्या पायथ्याच्या मुलखाला ते गनिमी नाव जास्त शोभलं असतं. माझी बहीण त्याला 'पाडकास' म्हणते. आमच्याकडे पाडेही आहेत आणि गोठ्यात कासही आहे, त्यामुळे शब्द लगेच रुळला.

मी राहतो कल्याणला. "मामा, तू लिहितोस ना, मग ऐकून सांग कसं वाटतं," असं भाच्याने फर्मावल्यापासून मी त्यांचा अधिकृत समीक्षक आहे. कल्याणहून मुरबाडमार्गे म्हशाला जाईपर्यंत दोन भाग सहज होतात. शहाडला गाडी अडकली तर तीन. त्यामुळे त्यांचं समग्र वाङ्मय मी ऐकलेलं आहे आणि ते इतकं ऐकलेला दुसरा माणूस नाही. त्यांनीसुद्धा ऐकलेलं नाही. आपलाच आवाज ऐकला की लाज वाटते म्हणतात.

तर या पॉडकास्टवरून गावात दोन तट पडलेत. एक म्हणतो, पोरांनी खेळाबद्दल बोलावं, रस्ते-पाण्याच्या भानगडीत पडू नये. दुसरा म्हणतो, रस्ते-पाण्याचं छान बोलतात, मधे तो खेळ कशाला आणतात. हे भांडण समजायचं तर जरा मागे जावं लागेल.

पॉडकास्ट सुरू झाला जुलै २०२२ मध्ये, आणि याहून वाईट मुहूर्त भटजींना मुद्दाम शोधूनही मिळाला नसता. विषय होता बीजीएमआय, म्हणजे बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया. हा मूळचा पबजी. पबजीवर सरकारने २ सप्टेंबर २०२० ला बंदी घातली, आणखी ११७ ॲपांसोबत. मग २ जुलै २०२१ ला तोच खेळ नवं नाव लावून परत आला, जसा एखादा पोरगा नापास झाल्यावर शाळा बदलून त्याच इयत्तेत बसतो. पोरांनी वर्षभर तो जीव तोडून खेळला, बोलण्याइतकं ज्ञान साठवलं, माइक मागवला, घोंगडी पळवली, तीन भाग केले. आणि २८ जुलै २०२२ ला तो खेळ मोबाइलच्या दुकानांतून पुन्हा गायब झाला. ज्यांच्या फोनमध्ये आधीच होता ते खेळत राहिले. भाच्याच्याही फोनमध्ये होता. पण फोन लावणीच्या चिखलात पडला, दुरुस्त होऊन आला तो कोरा करकरीत. आता खेळ उतरवून घ्यायचा कुठून?

माइकचे पैसे हप्त्याने फेडायचे होते. बंद करणं परवडणारं नव्हतं. मग चौथ्या भागापासून, खेळाविना, खेळांचा पॉडकास्ट चालू राहिला.

बोलणार कशावर? जे समोर होतं त्यावर. मुरबाडहून म्हशाकडे येताना पावसाळ्यात गाडी कुठल्या खड्ड्यात डावीकडून घालायची, हा एक पूर्ण भाग. त्यात खेळाची परिभाषा तेवढी शिल्लक होती: "इथं लूट काय नाय मिळत, फक्त डॅमेज." एमआयडीसीतल्या कंत्राटी कामावर एक भाग. लाइट गेली की टॉवर जातो, टॉवर गेला की खेळ मध्येच जातो, म्हणून वीज हा खेळाचाच विषय आहे, असा युक्तिवाद करून दोन भाग. कल्याण-मुरबाड रेल्वेवर एक. त्यातलं जोडीदाराचं एक वाक्य मला आवडलं. तो बोलला, "हे डाउनलोड आमचा आजा होता तेव्हापासून नव्व्याण्णव टक्क्यांवर अडकलंय."

सगळ्यात गाजला टँकरचा भाग. शहापूरकडचा एक मित्र बोलावला होता. मुंबई पाणी पिते ते बहुतेक या पट्ट्यातलं. तानसाचं धरण १८९२ पासून मुंबईची तहान भागवतंय, पुढे भातसाही त्याच कामाला लागलं, आणि उन्हाळ्यात धरणांच्या आसपासच्या पाड्यांवर पाण्याचा टँकर येतो. हे सगळ्यांना माहीत आहे, पेपरात दरवर्षी येतं. पण त्या मित्राने ते सांगितलं खेळाडूसारखं. टँकर आल्यावर कोण कुठून धावतं, कोण हंडा आधीच लावून जागा धरतं, कोण पाइप विहिरीत सोडल्या सोडल्या बादली पुढे करतं, आणि शेवटी कोणाच्या हंड्यात गाळ येतो. शंभर जणं उतरतात, शेवटी एक जिंकतो, असा तो खेळच होता. फरक इतकाच की यात हरलेल्याला दुसरा डाव लगेच मिळत नाही, पुढच्या टँकरपर्यंत थांबावं लागतं.

तो भाग आयाबायांनी ऐकला. पिठाच्या गिरणीत लागला. पोरांना पहिल्यांदा श्रोते मिळाले, म्हणजे ज्यांना ते नावाने ओळखत नव्हते असे.

आणि मे २०२३ मध्ये खेळ परत आला. येताना सरकारने अट घातली: अठराच्या आतल्यांनी दिवसाला तीन तास, मोठ्यांनी सहा तास, त्यापुढे खेळ आपोआप बंद. बहिणीने हे ऐकलं आणि म्हणाली, "सहा तास? सरकारला वाटतं याला दुसरं काम नाय?" मग जरा थांबून म्हणाली, "बरोबरच वाटतं."

पोरं खुशीत खेळाकडे वळली. दहा महिन्यांच्या उपासानंतर पंगतीत बसल्यासारखी तुटून पडली. इथून भांडणाला तोंड फुटलं.

*

दर भागाच्या शेवटी भाचा सांगतो, "तुमचे अभिप्राय नक्की कळवा." शहरात लोक हे टाइप करून कळवतात. म्हशात वाटेत अडवून कळवतात. भाचा दूध घालायला निघाला की अर्धा पाऊण तास मागे येतो, इतके अभिप्राय असतात.

दहावीच्या पोरांचं म्हणणं एकदम सरळ. "भाई, बंदूक कुठली चांगली ते सांग ना. टँकरचं आमची आई सांगते." यात चूक काढता येत नाही. दिवसभर जे घरात ऐकायचं तेच कानात घातलेल्या इअरफोनमधून ऐकायचं असेल तर इअरफोन घालायचा कशाला? तो तर घरच्यांचा आवाज बंद करण्यासाठीच असतो.

गिरणीवाल्याचं उलट. "तुमचा तो गोळीबार आला की मी पुढं ढकलतो. पाण्याचं आलं की थांबतो." मी त्याला म्हटलं, मग तुम्ही बातम्याच ऐका ना. तो म्हणाला, "बातम्यांत आमचं नाव येत नाय. आलं तर मेल्यावर येतं."

बहिणीची मतं बहुतांशी भौगोलिक आहेत. खेळात पोचिंकी नावाचं एक गाव आहे, तिथे सगळे उतरतात आणि मरतात. पोरं बोलताना सारखी पोचिंकी पोचिंकी करतात. महिनाभर ऐकून तिने मला फोन करून विचारलं, "दादा, हे पोचिंकी कुठं आलं? शहापूरच्या अंगाला का? हा रोज तिकडं जातो म्हणतो आणि घरातनं तर हलत नाय." दुसरी तक्रार धार्मिक. खेळ जिंकला की पडद्यावर कोंबडीच्या जेवणाचं अभिनंदन येतं आणि पोरं ते ओरडून सांगतात. मार्गशीर्षातल्या गुरुवारी, वरती माळ्यावर "चिकन डिनर" आणि खाली घट मांडलेला. तिने जिन्यातून एवढंच सांगितलं की आज जिंकायचं नाही. त्या गुरुवारचा भाग ऐका. दोघं विलक्षण संयमाने हरलेत.

गावातले निवृत्त गुरुजी ही स्वतंत्र संस्था आहे. गुरुजींनी आयुष्यभर आकाशवाणी ऐकली. निवेदक म्हणजे काय, हे त्यांच्या मनात बाळ कुडतरकरांच्या आवाजात ठरलेलं आहे. ते पॉडकास्ट वही-पेन घेऊन ऐकतात. पहिल्या पंधरवड्याचा अहवाल भाच्याने मला दाखवला: 'भाई' हा शब्द एका भागात किती वेळा, 'म्हणजे कसं ना' किती वेळा, 'न' आणि 'ण' यांची अदलाबदल कुठे कुठे. खाली शेरा: श्रोत्यांना 'गाईज' म्हणू नये, आमच्या गोठ्यात त्या आहेत.

पण गुरुजींचा खरा आक्षेप मांडणीवर होता. एकदा २ जानेवारीला भाग आला. त्या तारखेला १९४३ साली भाई कोतवाल आणि हिराजी पाटील सिद्धगडावर इंग्रजांच्या गोळीबारात हुतात्मा झाले. आमच्याकडे ही तारीख लेकरांनाही पाठ असते. पोरांनी त्या दिवशी खेळ बाजूला ठेवून कोतवालांवर बोलायचं ठरवलं. मुंबईला वीज नेणारे मनोरे त्यांच्या साथीदारांनी कसे पाडले, डोंगराचा आधार कसा घेतला, हे सगळं नीट सांगितलं. गुरुजींचे डोळे पाणावले. आणि नेमकं सिद्धगडाच्या चढावर जोडीदार बोलला, "तर मित्रांनो, पुढं जायच्या आधी सबस्क्राइब करा." गुरुजी आठवडाभर भाच्याशी बोलले नाहीत. दहावीची पोरंही बोलली नाहीत, पण वेगळ्या कारणाने. त्यांचं म्हणणं, डोंगराचा एवढा फायदा सांगितलात तर तोच मुद्दा खेळातल्या टेकडीला कसा लागू होतो, ते का नाही सांगितलं?

दोन्ही बाजूंना एकाच भागात नाराज करता येणं, ही मी तरी मोठी कामगिरी समजतो.

*

जोडीदाराबद्दल स्वतंत्र लिहायला हवं, कारण निम्मे अभिप्राय त्याच्याविषयी असतात. पॉडकास्टमध्ये भाचा बोलतो आणि जोडीदार म्हणतो "हो ना", "बरोबर", "एकदम", "कडक". भाच्याने वाक्य संपवलं नाही तरी म्हणतो. एकदा भाचा पाणी प्यायला गेला होता, तेव्हाही तो दोनदा "बरोबर" म्हणाला. लोक विचारतात, याला काढत का नाही?

मी त्याची बाजू घेतो. पोवाड्यात शाहिराच्या मागे झीलकरी असतो, त्याला कोणी विचारतं का तुझं स्वतंत्र मत काय? कीर्तनात टाळकरी असतात, तमाशात सोंगाड्याला उकसवायला कोणीतरी असतं. एकट्याने बोलणाऱ्या माणसाची आपल्याला सवयच नाही. गोष्ट सांगायची तर समोरच्याने हुंकार द्यावा लागतो, नाहीतर सांगणारा विचारतो, झोपलास का. जोडीदार हा व्यवसायाने हुंकार आहे. शिवाय माइक त्याच्या नावावर आहे, हप्ता तो भरतो. कोणीही संपादक हे कारण समजून घेईल.

एकट्याने माइक सांभाळण्याचा हट्ट धरणारे झाले नाहीत असं नाही. मुंबईत बॉबी तल्यारखान होते. १९३० च्या दशकापासून क्रिकेटचं धावतं वर्णन ते दिवसभर एकट्याने करत. जेवणाच्या आणि चहाच्या सुट्या सोडल्या तर दुसऱ्याच्या तोंडाला माइक लागू देत नसत. पुढे नभोवाणीने वर्णनाला एकाऐवजी तिघे बसवायचं ठरवलं, तेव्हा तल्यारखान बाहेर पडले. भाच्याला मी ही हकीकत सांगितली, आदर्श म्हणून. तो म्हणाला, "दिवसभर? त्यांना घोंगडी नसणार."

*

आता खेळात समाज आणावा की नाही, या मुद्द्यावर येतो. हा वाद म्हशाने शोधलेला नाही. अमेरिकेत २०१४ साली 'गेमरगेट' नावाने याच गोष्टीवरून रण माजलं. खेळांविषयी लिहिणाऱ्या-बोलणाऱ्यांनी बायकांचं, वर्णाचं, समाजाचं काही काढू नये म्हणून पोरं पेटली, आणि त्यात कित्येक बायकांना धमक्या आल्या. तिथलं प्रकरण घाण होतं. आमचं त्यापुढे अगदीच सात्त्विक आहे, कारण इथे धमकी द्यायची तर समोर जाऊन द्यावी लागते आणि समोर बहुतेक वेळा आत्याच निघते.

पण मला गंमत वाटते ती अशी, की "फक्त खेळाचं बोला" ही मागणी आमच्या पट्ट्यात कोणी करावी? ज्यांनी टेनिस क्रिकेटचे सामने ऐकलेत त्यांनी?

ठाणे-रायगडच्या गावागावांत थंडीत टेनिस चेंडूच्या स्पर्धा होतात. मंडप, कर्णे, चषकांची रांग, आणि उंचावर समालोचक. हा समालोचक खेळाचं वर्णन करतो असा बाहेरच्यांचा समज असतो. प्रत्यक्षात तो असं बोलतो: "षटकाचा चौथा चेंडू घेऊन गोलंदाज सज्ज, आणि आत्ताच आपल्या मैदानात आगमन झालेलं आहे आपल्या सर्वांचे लाडके, धडाडीचे, माजी उपसभापती, मी त्यांना विनंती करतो की व्यासपीठावर यावं, मंडळाच्या वतीनं त्यांचं शाल-श्रीफळ देऊन, एक मिनिट, शाल कुठाय, शाल पाठवा रे, आणि फलंदाज बाद झालेला आहे." कसा बाद झाला? ते कोणालाच कळत नाही, कारण फलंदाज सोडून सगळं मैदान शाल शोधत असतं. पुढच्या षटकात पाणपोईला देणगी देणाऱ्याचं नाव येतं, मग निळ्या रंगाची मोटरसायकल रस्त्यातून काढायची सूचना येते, मग कोणाचा तरी वाढदिवस. अंतिम सामना एकदा दोन धावांनी जिंकलेला मी स्वतः ऐकला, पण कोणी जिंकला ते घरी गेल्यावर कळलं.

कीर्तनाचंही तेच. पूर्वरंगात बुवा निरूपण करतात, तेव्हा अर्धा मंडप डुलक्या घेतो आणि उत्तररंगाचं आख्यान लागलं की सावरून बसतो. पण पूर्वरंगच काढून टाका असं कोणी म्हणालेलं ऐकिवात नाही. झोपायला तो लागतो. तमाशात गण झाला, गवळण झाली की बतावणीत गावातल्या पुढाऱ्यापासून एसटीच्या कंडक्टरपर्यंत सगळ्यांची सालं काढतात, मग वग. आम्हाला नुसता वग दिला तर आम्ही म्हणू, पैसे परत.

तेव्हा भाच्याने बंदुकीबद्दल बोलता बोलता टँकरवर जावं, ही त्याची परंपराच आहे. त्याला फक्त शाल मिळत नाही.

दहावीच्या पोरांना मी हे समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एक जण म्हणाला, "म्हणूनच तर आम्ही पॉडकास्ट ऐकतो ना काका. मैदानात दिवसभर उपसभापती ऐकूनच घरी येतो." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजून नाही.

खरी ठिणगी पडली ती शहापूरच्या कॉलेजात जाणाऱ्या एका मुलीमुळे. ती उत्तम खेळते, म्हणून तिला पाहुणी बोलावलं. घोंगडीखाली तीन जण मावेनात आणि शोभलंही नसतं, म्हणून त्या दिवशी घोंगडी भिंतीला टांगली. भाच्याने विचारलं, "तू खेळताना माइक बंद का ठेवतेस? टीमशी बोलत नाहीस म्हणून हरतो आपण." ती म्हणाली, "चालू ठेवला की पहिल्या मिनिटाला नंबर मागतात, दुसऱ्या मिनिटाला शिव्या देतात. बंद ठेवला की तुम्ही मला पोरगा समजता आणि नुसत्या शिव्या देता. ते बरं पडतं." मग तिने त्यांच्याच जुन्या भागातली दोन वाक्यं काढून दाखवली, जिथे कोणी बाईमाणूस खेळतंय म्हटल्यावर हे दोघे फिदीफिदी हसले होते. जोडीदार बोलला, "बरोबर." त्या एका "बरोबर"साठी मी त्याची बाकीची सगळी माफ केली.

जाता जाता ती म्हणाली की तुम्ही वर्षभर एकाच खेळावर बोलता, पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० साली 'राजी' नावाचा खेळ काढला, त्यात भावाला सोडवायला निघालेली मुलगी आहे, त्यावर का नाही बोलत? भाच्याचं प्रामाणिक उत्तर: तो आला तेव्हा संगणकावर आणि कन्सोलवर आला. म्हशात कन्सोल नाही. इथे खेळ म्हणजे फोन, आणि फोन म्हणजे ज्याचा डेटा उरलाय त्याचा.

त्या भागाने गावाचे दोनाचे चार तट झाले. काही पोरांनी ऐकणं सोडलं. काही मुलींनी सुरू केलं, पण त्या अभिप्राय देत नाहीत. गुरुजींनी वहीत लिहिलं: पाहुणीचे उच्चार शुद्ध.

समाज-बिमाज नको म्हणणाऱ्यांना मी एक गोष्ट विचारतो. तुमचा खेळ २०२० मध्ये काढून घेतला तो काय तुम्ही हरलात म्हणून? सीमेवर तणाव झाला म्हणून. परत दिला, परत नेला, परत दिला, तास मोजून दिला. खेळाडूने सरकारचं नाव काढायचं नाही आणि सरकारने मात्र खेळाडूच्या खिशात हात घालायचा, असा एकतर्फी सामना मी दुसऱ्या कुठल्या मैदानात पाहिला नाही.

मध्यंतरी पैसे लावून खेळायच्या एका ॲपने पोरांना जाहिरात देऊ केली होती. माइकचे उरलेले हप्ते एका फटक्यात फिटले असते. भाचा द्विधा, जोडीदार "कडक". बहिणीने विचारलं, "म्हणजे जुगार ना?" पोरं म्हणाली, नाही, कौशल्याचा खेळ. ती म्हणाली, "तुझ्या आजाने पण कौशल्यानेच खेळून बैलजोडी घालवली." जाहिरात गेली. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदीच घातली. बहीण तेव्हापासून संसदेबद्दल जरा आपुलकीने बोलते.

*

गेल्या पौष पौर्णिमेला मी जत्रेला गेलो. पोरांनी ठरवलं होतं की या वेळी घोंगडी नको, जत्रेतच बोलायचं. खांबलिंगेश्वराचं दर्शन घेतलं, मिठाईच्या दुकानांच्या रांगेतून बैलबाजाराकडे वळलो. तिथे एक सौदा चालला होता. दलाल आणि गिऱ्हाईक, दोघांचे हात एका उपरण्याखाली. वर तोंडाने चाललंय पावसाचं, मुलीच्या लग्नाचं, रस्त्याचं, सोसायटीच्या कर्जाचं. खाली बोटं दाबून बैलाचा भाव ठरतोय. बैल बाजूला रवंथ करतोय, त्याच्याबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही. भाचा बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "मामा, यांचंपण घोंगडीखालीच चाललंय."

मग दोघांनी माइक काढला आणि नव्या नकाशावर बोलायला सुरुवात केली. दहावीच्या पोरांना शब्द दिला होता, या भागात फक्त खेळ. भाचा पाळत होता बिचारा. पण जत्रेच्या कर्ण्याने कोणाला शब्द दिला नव्हता. दर दोन मिनिटांनी: "पिवळा सदरा, निळी हाफ चड्डी, वय अंदाजे सहा, नाव विचारल्यावर फक्त 'बाळा' सांगतो, असा मुलगा चुकलेला आहे. कोणाला आढळल्यास पोलीस चौकीजवळ आणून सोडावा." भाचा बंदुकीचं सांगतोय, कर्णा बाळाचं सांगतोय. जोडीदार सवयीने दोघांनाही "बरोबर" म्हणतोय. अर्ध्या तासाने बॅटरी संपली आणि रेकॉर्डिंग तिथेच थांबलं. पोरांनी आहे तसाच भाग सोडला, कारण दुसऱ्या दिवशी भाताच्या मळणीचं राहिलेलं काम होतं.

त्या भागावर जितके अभिप्राय आले तितके आजवर कधी आले नव्हते, आणि पहिल्यांदा सगळे एकमताचे. गिरणीवाल्याने गिरणी थांबवून विचारलं. गुरुजींनी वही न उघडता विचारलं. बहिणीने तर भाच्याला जेवताना धरलं. शहापूरच्या मुलीचा, जी कधी अभिप्राय देत नाही तिचाही फोन आला. सगळ्यांना एकच हवं होतं: तो पिवळ्या सदऱ्यातला पोरगा सापडला का?

पोरांनाही ठाऊक नव्हतं. दोघं पायपीट करून, दोन-तीन दुकानदारांना गाठून माहिती काढून आले आणि पुढचा भाग घोंगडीखालून, कुठलीही प्रस्तावना न करता सुरू झाला. "सापडला. घोंगड्यांच्या दुकानात, थप्पीवर बसला होता. दुकानदाराचा पोरगा मोबाइलवर गेम खेळत होता, ते बघत."

संध्याकाळी दूध घालायला जाताना दहावीच्या पोरांनी भाच्याला अडवलं.

"कुठला गेम?"